भीमथडीची गोधडी

शिरूर आणि दौंड ही नावे घेतली की इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही ठरावीक गोष्टी आठवतात. शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. दौंड म्हटले की रेल्वे आठवते. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिक्सळपर्यंत आगगाडी धावू लागली आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. भीमथडीची तट्टे तर मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. ही सारी माहिती मुलांना असावी, यात शंका नाही.

परंतु श्रोतेहो, एक साधा प्रश्न विचारून पाहू. ज्या डिसेंबरच्या रात्री ती तुकडी छावणीबाहेर पडली, त्या रात्री वाटेवरच्या गावांतून माणसे काय पांघरून निजली होती?

उत्तर अवघड नाही. कुणी घोंगडी पांघरली असेल, कुणी गोधडी. घोंगडी म्हणजे धनगराच्या मेंढीची लोकर आणि सनगराचा माग. ती विकत घ्यावी लागे, नाहीतर धान्य देऊन मिळवावी लागे. गोधडीचे तसे नाही. घरात फाटलेले लुगडे, विरलेले धोतर, जुना पटका आणि एक धडधाकट बाई, एवढे असले की गोधडी होते. आपल्याकडे कुणी तिला वाकळ म्हणतात. नाव काहीही असो, प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ती होती आणि अजूनही बहुतेक घरांत आहे. एवढी घरोघरची वस्तू, पण इतिहासाच्या पुस्तकात तिला ओळभर जागा नाही. आज ती जागा तिला देऊन पाहू.

आधी मुलूख नजरेसमोर आणा. भीमा मधून वाहते, उत्तरेस शिरूर तालुका, दक्षिणेस दौंड. नद्या पुष्कळ आहेत. भीमा, घोड, मुळा-मुठा, सगळ्या येथूनच जातात. पण पाऊस सह्याद्रीनेच अडवून धरलेला. वर्षाकाठी सरासरी वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे पाणी दौंडकडच्या काही गावांना मिळू लागले. १९६० च्या दशकात घोड धरण झाले, १९८० च्या सुमारास उजनीचा फुगवटा दौंडच्या बाजूला पसरला आणि काही गावांत ऊस आला. ज्यांच्या रानाला पाट नाही त्यांचे मात्र आजही बाजरी, हुलगा, मटकी आणि रब्बीचा शाळू यांवरच चालते. पाच-सहा एकरांचे कोरडवाहू रान, एक बैलजोडी, दोन शेळ्या, हा येथला जुना छोटा शेतकरी.

अशा घराचे वर्ष पावसावर चाले आणि बाईचे वर्ष कामावर. शाळूची काढणी, मळणी, कडब्याची गंज हे फाल्गुनात आटोपले की रानातले काम थोडे सैल पडे. मृग निघाला की पुन्हा पेरणीची धांदल. मधले चैत्र-वैशाखाचे दोन-अडीच महिने हा गोधडीचा हंगाम. ऊन कडक, म्हणून कपडे धुऊन एका दिवसात खडखडीत वाळत. जमीन कोरडी, म्हणून अंथरून शिवता येई. गावच्या जत्रा, लग्नसराई, माहेरी आलेल्या लेकी, बाळंतपणे, सगळे याच दिवसांत. म्हणजे अंथरुणांची गरजही याच दिवसांत. आणि एकदा मृगाच्या सरी आल्या की ओली गोधडी वाळता वाळत नाही. म्हणून काम मिरगाच्या आत उरकायचे, हा नियम.

शेतकऱ्याला उन्हाळ्यात रिकामपण असते, असे आपण सहज बोलतो. गोधडी शिवणाऱ्या बाईचा चैत्रातला एक दिवस पाहिला तर तसे म्हणवणार नाही.

पहाटे ती जात्यावर बसे. पिठाची गिरणी गावात येण्यापूर्वी दिवस असाच उगवे. मग झाडलोट, शेण, शेळीची धार. विहिरीने तळ गाठलेला, म्हणून पाण्याला दोन खेपांऐवजी चार खेपा. भाकरी थापून, नांगरटीवर असलेल्या धन्याची न्याहारी रानात पोहोचवून ती परते तेव्हा उन्हे चांगली तापलेली. घरी चिंचा फोडायच्या असत, कुरडयांचा गहू भिजत घातलेला असे, शेवयांचे पाट मांडायचे असत. हे सगळे सांभाळून दुपारी, पोरे निजली आणि पुरुष लिंबाखाली आडवे झाले की ती वसरीत गोधडी पसरून बसे. दिवे लागेपर्यंत शिवण चाले. मधेच शेळीने शिंग मारले की उठायचे, सासऱ्याने हाक दिली की उठायचे. गोधडी शिवणे हे काम होते, पण घरातले कोणीही त्याला काम म्हणत नसे. बाई बसली आहे, असे म्हणत.

आता प्रत्यक्ष शिवणे कसे ते सांगतो. वर्षभर उतरंडीजवळच्या गाठोड्यात धडुती साठवलेली असत. ती सोड्यात किंवा राखेच्या पाण्यात उकळून नदीवर वा विहिरीवर आपटून धुवायची. मळ राहिला तर सुई चालत नाही. मग सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडे दुपदरी पसरायचे. वाऱ्याने हलू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे एकमेकांस लागून मांडायचे. कुठे उंचवटा नको, कुठे खळगा नको. जाड कापड मध्यभागी, कारण झोपणाऱ्याचे ओझे तेथे पडते. वरून दुसरे लुगडे. कडा आत दुमडून घ्यायच्या आणि मग धावदोरा. शिवण कडेने सुरू होते, चौकोनात फिरत फिरत आत येते आणि मध्यावर संपते. लांब सुई, जाड दोरा, आणि तळहाताखाली कापड सपाट करीत जाणारा डावा हात.

शिक्षकमित्रांसाठी येथे एक छोटे गणित आहे. गोधडी सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरा. शिवणीच्या दोन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवले, तर दोऱ्याची एकूण वाट ४३२ फूट होते. इंचाला दोनच टाके धरले तरी टाके भरतात दहा हजारांच्या वर. घरकाम सांभाळून एका बाईला आठ-पंधरा दिवस लागतात ते यामुळे. म्हणून शेजारणी सावडीने बसत. आज तुझी, उद्या माझी. चौघी चार बाजूंनी शिवू लागल्या की गोधडी लवकर पुरी होई आणि गावची खबरबातही पुरी होई. ज्या घरात पुरुषमाणूस नाही, अशा एखाद्या विधवेने दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून दिवस काढल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. मोबदला धान्यात मिळे, कधी जुन्या कपड्यांत.

या कामाने मराठी भाषेलाही शब्द दिले आहेत. लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धड तुकडे पुन्हा जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणे म्हणजे ओढाताणीचा संसार. ते दंडही फाटले की ठिगळ, ठिगळही उसवले की गोधडी. कापडाचा हा क्रम कधी चुकत नसे. आणि भीमथडीच्या तट्टाच्या पाठीवर जे खोगीर असे, त्याच्या आतही चिंध्याच भरलेल्या. म्हणून निरुपयोगी भरताडाला आपण खोगीरभरती म्हणतो. घोड्याचे नाव झाले, खोगीर वाक्प्रचारात गेले, चिंधी जेथल्या तेथे राहिली.

आता मी जे मुख्यत्वे सांगणार आहे त्याकडे वळतो. ते आहे कर्जाविषयी.

शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तेथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्या घरावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा बजावला. गाव चिडले. सावकारांचे रान कोणी कसेना, त्यांची हजामत कोणी करीना, त्यांचे पाणी कोणी भरीना. हा बहिष्कार आजूबाजूच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या गावांचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागितले व ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कारणे तुम्हांला ठाऊक असतील. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज देणारा हात आखडला. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी करून तो पुष्कळ वाढविला. शेतकरी दोन्हींच्या कात्रीत सापडला. एकट्या एखाद्या सावकाराचा हा दोष नव्हे. साऱ्याची मुदत, कोर्टाचा हुकूमनामा आणि व्याजाचा हिशेब ही तिन्ही चाके एकमेकांत अडकलेली होती. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

तारखेकडे मात्र पुन्हा एकदा बघा. १२ मे, म्हणजे वैशाख. शाळू घरात आलेला, त्यातला वाटा देऊन संपलेला आणि पुढच्या पेरणीला बियाणे उसने मागायची वेळ आलेली. पुरुष वह्यांच्या काळजीत होते त्याच आठवड्यांत घराघरांच्या वसरीत गोधड्या पसरलेल्या असणार. एकाच घराचे हे दोन हिशेब. एक सावकाराच्या वहीत, आकड्यांत लिहिलेला. दुसरा बाईच्या सुईने, कापडात.

या दुसऱ्या हिशेबाची खूबी अशी, की तो जप्त होत नसे. बैल जाई, भांडी जात, रान गहाण पडे. गोधडी कोण नेणार? तिला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. ज्या लुगड्याचे पैसे सावकाराकडे अजून देणे असत, तेच लुगडे फाटून गोधडीत गेले की त्यावर कुणाचा हक्क चालत नसे. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हे कलमबद्धच केले. तिच्या ६० व्या कलमाप्रमाणे ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही. कोरडवाहू घराच्या बाबतीत अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडीच. कायदेपंडितांनी जे १९०८ साली लिहिले, त्याचा उपयोग या बाया कितीतरी आधीपासून करीत होत्या. फाटलेल्यातून ऊब काढायची आणि ती कुणाला नेता येणार नाही अशी करून ठेवायची, ही त्यांची बचत होती. बँक नाही, पतपेढी नाही, स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा बाईची बचत.

दंग्यांनंतर लगोलग १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर तेव्हा दुष्काळग्रस्त माणसे राबली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली पुन्हा दुष्काळ. या दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलींना आणि स्त्रियांना घेऊन पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यात केडगावला मुक्तिसदन उभे केले. ते काम १८९८ पर्यंत चांगले स्थिर झाले होते आणि १९०० सालापर्यंत तेथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या वर गेली होती. माळरानावर विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवणकाम आणि छपाई शिकवली. ५ एप्रिल १९२२ रोजी, ऐन चैत्रात, रमाबाई केडगावलाच वारल्या. बाईने हाताचे काम करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा विचार त्यांनी संस्थेच्या रूपाने मांडला. गावातली गोधडी शिवणारी विधवा तेच संस्थेवाचून करीत होती, एवढाच फरक. पण तिच्या कामाचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ठेवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. पुण्याच्या शेती कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची घरोघर पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, उत्पन्न किती, पोटाला आणि अंगावर घालायला किती लागते, हे त्यांनी मोजले. निष्कर्ष असा निघाला की त्या कोरडवाहू गावातल्या बहुसंख्य कुटुंबांचा मेळ बसत नाही. जमिनीतून येणारे गरजेला पुरत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही फार मोलाची पाहणी आहे आणि शिरूरच्या शिक्षकांना तिची ओळख असायला हवी.

पण मग प्रश्न उरतो, की मेळ बसत नसताना ही घरे जगली कशी? मजुरीने जगली, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मनिऑर्डरीने जगली, कर्जाने जगली. आणि आणखी एका गोष्टीने: जे विकत घ्यावे लागले असते ते घरातल्या बायकांनी फुकट तयार केले. दळण, सरपण, गोवऱ्या, शेवया आणि गोधड्या. याची किंमत रुपयांत मांडण्याची तेव्हा रीत नव्हती. ती मांडली असती तर जमाखर्चाची बाजू थोडी वेगळी दिसली असती, असे मला वाटते.

गोधडी नीट पाहिली तर तिच्यात कापडाचा इतिहासही थरांनी सापडतो. सर्वांत जुना थर हातमागाच्या जाडाभरड्याचा. आगगाडी आल्यावर विलायती कापड खेड्यात स्वस्त झाले. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, सोलापुरात १८७७ साली. आणि सोलापूर तर दौंडच्याच रुळावर. त्यानंतरच्या थरांत गिरणीचे लुगडे आणि धोतर. मग स्वदेशीच्या आणि गांधीजींच्या काळात कुठे कुठे खादी. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि लोकांना रेशनच्या कापडासाठी रांगा लावाव्या लागल्या. त्या वर्षांत चिंधीही कुणी टाकली नसेल. पुढे १९७२ चा दुष्काळ. शिरूर-दौंडच्या बाया खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेल्या. रोजगार हमीची सुरुवात त्यातूनच झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. साधारण त्याच काळापासून नायलॉन आणि टेरीलीनची पातळे गोधडीत दिसू लागतात. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि सुती गिरणी-लुगड्याचा थर विरळ होत गेला. म्हातारी माणसे नव्या गोधडीबद्दल कुरकुर करतात, की ही घाम शोषत नाही, ऊब धरत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण कापडच बदलले.

गोधडी काही आपल्या एकट्यांची नव्हे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांची कवंदी. समुद्रापलीकडचे एक उदाहरण तर आपल्या करडे-सुप्याची आठवण करून देणारे आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे नदीच्या वळणातले गाव आहे. तेथले निग्रो गुलामांचे वंशज कापूस पिकवीत आणि व्यापाऱ्याकडून उधारीवर जगत. कापसाचा भाव पडला. १९३२ साली तो व्यापारी वारल्यावर त्याच्या विधवेने वसुली काढली आणि साठएक कुटुंबांची जनावरे, अवजारे, धान्य सारे उचलून नेले. त्या गावातल्या बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत राहिल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लावल्या गेल्या आणि जगाने त्यांना कला म्हणून मान दिला. कापूस तोच, उधारी तीच, सुईही तीच. आपल्या गोधडीला भिंत मिळाली नाही, एवढेच.

मात्र गोधडीचे कौतुक करताना तिच्यामागचे दारिद्र्य झाकता कामा नये. चार पोरे एका गोधडीत निजत, ती हौस म्हणून नव्हे. पावसाळ्यात ती कुबट होई, ढेकूण-पिसवा तिच्यात घर करीत, आजाऱ्याची गोधडी निरोग्याच्या अंगावर जाई. शिवणारीची पाठ वाके, चाळिशीतच सुईत दोरा ओवायला नातवंडांचे डोळे लागत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांना काटकसर म्हणून शिकवतो. पण ज्या घरात अंथरूणच तोकडे होते, तेथे पाय आखडून निजण्यावाचून इलाज काय होता? आज शाळकरी मुलाच्या अंगावर चांगले ब्लँकेट आहे, याचे दुःख कुणी करू नये.

दुःख वाटावे असे दुसरे आहे. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. म्हणून दळणाऱ्या बाईचे मन आज आपल्याला काही प्रमाणात वाचता येते. जात्याला आवाज होता. सुईला आवाज नाही. गोधडीत कोणते कापड कुणाचे, हे फक्त शिवणारीला ठाऊक असते. हा तुकडा थोरलीच्या लग्नातला, हा धाकट्या दिराच्या पटक्याचा, हा दुष्काळात कामावर नेसलेल्या लुगड्याचा, हे ती सांगेल तोवर गोधडी हा इतिहास आहे. ती गेली की उरतात चिंध्या. आणि ती बाई आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या, सुना-लेकी तिकडे कामाला जातात, चैत्राची ती दुपार आता कुणाकडे नाही. कुणी पैसे देऊन गोधडी शिवून घेतात, शहरात ती हौसेने विकतही घेतात. तिला मागणी आली ही चांगलीच गोष्ट आहे. पण विकत घेतलेल्या गोधडीत दुसऱ्याच्या घरचे कापड असते. तिच्यातून आपल्या घरचे काही कळायचे नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक काम सुचवितो. त्याला खर्च नाही. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सातवी-आठवीच्या मुलांना सांगा, की घरातली सर्वांत जुनी गोधडी आजीसमोर उन्हात पसरा. तिला विचारा: ही कोणत्या साली शिवली? कोणत्या महिन्यात? बरोबर कोण कोण बसले होते? वरचे लुगडे कुठल्या बाजारातले, रोख की उधार? आतले तुकडे कुणाकुणाचे? दोरा कुठला? गोधडीचा वहीवर नकाशा काढा आणि तुकड्यातुकड्याला क्रमांक देऊन माहिती लिहा. सर्वांत शेवटी शिवणारीचे पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट. दंग्यांच्या चौकशीत सावकारांची, पाटलांची, कुळांची नावे आली. त्यांच्या घरातल्या बायकांची नावे शोधूनही फारशी हाती लागत नाहीत. निदान आपल्या शाळेच्या वहीत ती असावीत.

एका वर्गातून तीस गोधड्यांची माहिती जमली तर त्या गावाचा साठ-सत्तर वर्षांचा जमाखर्च तुमच्या कपाटात येईल. दुष्काळ कधी आला, पाट कधी आला, गिरणीतली नोकरी कधी सुटली, लेक शहरात कधी गेली, हे सगळे त्यात सापडेल. मुलांनाही कळेल, की लढायांच्या सनावळीइतकाच आजीच्या हातचा टाकाही इतिहासात मोजायचा असतो. सुटी लागायला थोडेच दिवस आहेत, आणि मिरगाच्या आत हे काम सहज होण्यासारखे आहे.